बुवांच्या खोलीतली खरखर

"...आणि कुणी विचारलंच, की तुमचे गुरू रात्रभर रेडिओ लावून झोपतात ते कसं काय, तर मी काय सांगू?"

हेरंबने शेवटी विचारलंच. नऊ महिने ओठांवर येऊन थांबलेला प्रश्न होता.

भानूबुवा शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

टेकडीवरच्या त्या मठात लांबलांबून माणसं मौन शिकायला यायची. बुवा स्वतः दिवसाकाठी चार वाक्यं बोलले, म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि रात्र झाली की त्यांच्याच खोलीतून रेडिओची खरखर! गाणं नाही, बातम्या नाहीत. स्टेशनच न लागलेली नुसती खरखर, पार पहाटेपर्यंत.

हेरंबला त्याची चीड यायची. खरं तर हा गडी आला तेव्हा त्याचीच अवस्था बघवत नव्हती. शहरातल्या घरी टीव्ही चालू ठेवल्याशिवाय त्याचा डोळा लागत नसे. घर शांत झालं की डोक्यात सगळं सुरू व्हायचं... बापाशी झालेलं शेवटचं भांडण, न उचललेले फोन, सगळं. टीव्हीच्या आवाजाला कंटाळून बायको आधी दुसऱ्या खोलीत झोपायला लागली आणि मग माहेरीच गेली. "मला शांतता सोसायला शिकवा," म्हणत पहिल्याच दिवशी त्याने बुवांचे पाय धरले होते.

आणि शिकलाही, की हो! पाठ टेकली की घोरायला लागायचा. आता तर तालुक्याच्या गावात त्याचं स्वतःचं मौन-शिबिर ठरलं होतं. मांडव पडला होता. बायकोला पत्र गेलं होतं, मी बरा झालोय, शिबिराला ये आणि डोळ्यांनी बघ. ती येते म्हणाली होती.

राहिली होती फक्त बुवांची परवानगी.

"रागावू नका बुवा. पण तुम्हाला शांतता सोसत नाही का?"

"नाही सोसत," बुवा म्हणाले.

हेरंब गारच पडला. इतकं सरळ...?

बुवा उठले. आतून रेडिओ आणला, मागचं झाकण उघडलं आणि दोन्ही सेल काढून हेरंबच्या तळहातावर ठेवले.

"तीन रात्री तुझ्याजवळ ठेव. मग जा."

हेरंब मनातून खूश झाला. म्हाताऱ्याची खोड मोडायचं पुण्य आपल्याच पदरात पडणार, असं त्याला वाटलं.

पहिल्या रात्री तो पडला. पाल चुकचुकली. मग तीही गप्प झाली...

त्याने कूस बदलली. उशी उलटी केली. चहा जास्त झाला असेल, असं पुटपुटत उठून पाणी प्यायला. पहाटे स्वैपाकघरात काटक्या मोडल्याचा आवाज आला, तेव्हा हा टक्क जागा.

दुसऱ्या रात्री बाप आठवला. "तू माझा मुलगाच नाहीस," असं दारात उभं राहून म्हणालेला, तसाच्या तसा. हेरंब उठून अंगणात येरझारा घालायला लागला. विहिरीपाशी जायचं, परत यायचं. पायांना चैन नाही, जिवाला नाही. बुवांच्या दारावरून जाताना तो थबकला.

आत बुवा घोरत होते.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला रेडिओ लागतो तो ढाराढूर, आणि ज्याला लागत नाही तो जागा! हा कुठला न्याय?

तिसरी रात्र तशीच गेली. सकाळी लाल डोळ्यांनी तो चुलीपुढे येऊन बसला. सुंदराक्का भाकऱ्या थापत होती. मठाचा स्वैपाक बारा वर्षं तिच्याचकडे होता.

"आक्का, बुवांना हे रेडिओचं वेड कधीपासून?"

"बुवांस्नी?" आक्काचा हात थांबला. "अवो, त्यास्नी भांडं पडल्यालं खपत न्हाई! तुमी आलासा, दोन रात्री हितं भुतावानी फिरत हुतासा... ध्यानात हाय का? तिसऱ्या दिशी बुवा सोता माज्या भावाकडं गेलं आन् ह्यो डबा मागून आणला. वर मलाच दम दिला, त्याला सांगू नगंस म्हणून."



त्या दोन रात्री नवी जागा म्हणून झोप आली नाही, असंच हेरंब समजत होता. आणि तिसऱ्या रात्रीपासून आपली साधना लागली, असंही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवा ओसरीवर बसले होते. इतका ताजा चेहरा हेरंबने नऊ महिन्यांत पाहिला नव्हता. सेल त्यांच्यापुढे ठेवून तो खाली बसला.

"बुवा... तो आवाज माझ्यासाठी होता?"

बुवांनी सेल बाजूला सारले.

"मग तुम्ही? तुम्ही इतके महिने झोपलाच नाहीत?"

"दुपारी डुलकी लागायची."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर झोपला असतास?"

हेरंबला रडू कोसळलं. एवढा थोराड माणूस, ओसरीवर बसून हमसाहमशी रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

टेकडीखाली जीपचा हॉर्न वाजला. शिबिराची माणसं न्यायला आली होती, आणि त्यांच्याबरोबर त्याची बायको.

"आली ती," हेरंब दचकून म्हणाला. "बरा झालोय म्हणून लिहिलंय मी तिला. आता काय तोंड दाखवू? शांतता अजून खायला उठते मला..."

"हेच सांग तिला."

"आणि ती परत गेली तर?"

ओसरीवरची सतरंजी बुवांनी झटकून अंथरली. खांद्यावरची घोंगडी काढून तिची घडी उशाला ठेवली.

"पड थोडा. ती चढून येईपर्यंत मी बोलत बसतो."