अर्ध्या खोप्याचा करार

माणसाला अजून भिंत रचता येत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोहाकाठच्या बाभळीवर एका कावळ्याची सत्ता होती. त्याने विणू नावाच्या सुगरण पक्ष्याला बोलावलं. "बाळा, आमच्या काटक्यांच्या घरट्याला सगळे हसतात. मला झुलता खोपा विणून दे. काम पुरं झालं की पाण्यावरची फांदी तुझी."

त्या फांदीवर साप पोहोचत नसे. तिथे जागा मिळाली तरच विणू संसार थाटू शकणार होता. तो कामाला लागला, पण कावळ्याचं गोड बोलणं त्याला खटकत राहिलं.

खोपा अर्धा झाला आणि विणू थांबला. सुगरणींची रीतच तशी आहे. मादी अर्धा खोपा चोचीने ओढून पाहते, पसंत पडला तरच नर पुढे विणतो.

"कावळेदादा, पसंत आहे?"

"झकास! चालू दे."

"मग त्या फांदीला माझ्या खोप्याची पहिली गाठ मारू द्या."

"आधी काम पुरं कर. माझ्या शब्दावर विश्वास नाही होय रे?"

"आहे की! म्हणून तर सगळ्यांदेखत मागतोय," विणू मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "पाण्यावरची फांदी!"

पलीकडून दुसरा सुगरण पक्षी ओरडला, "अरे, ती तर मला कबूल केलीय! या कावळ्याच्या मेव्हण्याचा खोपा विणतोय मी."

"आणि मला?" तिसरा म्हणाला.

तिघांनीही चोचीतलं गवत खाली टाकलं. कावळा रागारागाने आपल्या खोप्यात शिरला आणि तसाच खालून बाहेर पडला.

"अरे, याला तळच नाही!"

"तळ गाठीनंतर, दादा," विणू म्हणाला. "आणि आता फांद्या तीन लागतील."