कोरड्या पट्ट्या

एका मोठ्या रुग्णालयात हाडांतल्या गाठी काढण्यात उभं आयुष्य घालवलेले एक वृद्ध शल्यचिकित्सक होते. त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. तो बुद्धिमान होता, त्याचा हात स्थिर होता, आणि आपण बुद्धिमान आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

एके दिवशी हेमलता भोये नावाच्या वनरक्षक बाई दाखल झाल्या. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या हाडात त्यांना गाठ होती. गाठ कर्करोगाची नव्हती. पण अशा गाठीचा कण मागे राहिला तर ती पुन्हा वाढते. म्हणून हाड आतून खरवडून झाल्यावर त्या पोकळीला फेनॉल लावतात. ते उरलेसुरले कण जाळून टाकतं. मात्र तेच फेनॉल बाहेर झिरपून शेजारच्या नसेला लागलं, तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं. हे सारं ऐकून बाईंनी एवढंच विचारलं होतं, "डोंगर चढता येईल ना?" आणि शिष्यानं बेधडक मान डोलावली होती.

शस्त्रक्रियेत त्यानं गाठ कसोशीनं खरवडली. मग जखमेभोवती, विशेषतः नसेच्या बाजूला, ओल्या पट्ट्या बसवल्या आणि फेनॉल मागितलं. गुरूंनी परिचारिकेला थांबवलं. त्यांनी सगळ्या ओल्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या जागी कोरड्या ठेवल्या आणि पिचकारीनं पोकळीत साधं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, काठोकाठ भरलं. नंतर ते स्वस्थ उभे राहिले.

शिष्याच्या कपाळावर आठी उमटली. ओल्या पट्ट्यांनी नस वाचते, हे यांनीच तर शिकवलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सरांचं आता वय झालं, असाही विचार शिष्याच्या मनाला चाटून गेला.

थोड्या वेळानं गुरूंनी पट्ट्या एकेक करून उचलल्या. तीन कोरड्या होत्या. नसेलगतची चौथी भिजली होती. गाठीनं हाड मागच्या अंगानं पोखरलं होतं आणि तिथली चीर डोळ्यांना दिसत नव्हती.

"सर, ही मला दिसलीच नाही," शिष्य कसाबसा म्हणाला.

"मलाही दिसली नव्हती," गुरू म्हणाले. "तुझ्या ओल्या पट्ट्या योग्यच होत्या. पण भिजलेल्या कापडावर गळती कशी कळणार? अरे, आपला हेतू बरा करण्याचा आहे, हे या औषधाला ठाऊक नसतं. त्याला वाट मिळाली की ते जातं. म्हणून जहाल वस्तू ज्या जागी घालायची, तिथे आधी निरुपद्रवी वस्तू घालून पाहावी. जी चूक व्हायची, ती पाण्याच्या हातून होऊ द्यावी."

चीर हाडासाठीच्या खास मेणानं बुजवली. पुन्हा सलाइन भरलं. या वेळी चारही पट्ट्या कोरड्या निघाल्या. मग शिष्यानं स्वतःहून ओल्या पट्ट्या लावल्या, फेनॉल न ओतता कापसाच्या निथळलेल्या बोळ्यानं ते आतल्या भिंतींना लावलं, आणि गुरू पुरे म्हणेपर्यंत पोकळी धुतली.

संध्याकाळी बाई शुद्धीवर आल्या. शिष्यानं त्यांना पाऊल वर ओढायला सांगितलं. बाईंनी ते सहज वर ओढलं, बोटंही हलवली. तो त्या पावलाकडे पाहतच राहिला.

"काय झालं डॉक्टर? काही बिघडलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही ताई," तो म्हणाला, "काहीच बिघडलं नाही." असं म्हणताना आयुष्यात प्रथमच त्याला त्या शब्दांमागचे श्रम कळत होते.