हौद्याच्या अलीकडून

एकदा एका तालमीच्या वृद्ध वस्तादांनी कुस्ती शिकवणे थांबवले. गुडघ्यांनी साथ सोडली होती. शेवटच्या संध्याकाळी ते कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत उतरले, एका नव्या पैलवानाला डाव शिकवता शिकवता त्याच्याच डावाने खाली पडले आणि मोठ्याने हसले. त्या दिवसाचा फोटो तालमीच्या भिंतीवर कायमचा लागणार होता. ते काम एका जुन्या छायाचित्रकाराकडे आधीच आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी आपली शिष्या शलाका हिला पाठवले होते.

तालमीत फ्लॅश चालत नाही. ऐन पकडीत डोळे दिपले तर मान मोडायची. उजेडाला एकच पिवळा दिवा. शलाकाने कॅमेऱ्याचा आयएसओ खूप वर चढवला, म्हणजे तेवढ्या उजेडातही चित्र टिपता यावे. अशा चित्रावर बारीक वाळू सांडल्यासारखे दाणे उमटतात. वस्ताद पडून हसले तो क्षण तिने टिपला, पण दाणे उमटलेच.

स्टुडिओत तिने पडद्यावर तो फोटो इतका मोठा केला, की वस्तादांची एक भुवई तेवढी उरली.

"गेला, तात्या. फोटो वाया गेला. आणि वस्ताद काही आता पुन्हा हौद्यात उतरायचे नाहीत."

"बघू तरी."

"काय बघताय? भुवई आहे की मुंग्यांची रांग, तेच कळत नाही."

"तू भुवईचा फोटो काढायला गेली होतीस?"

शलाका चिडली. दोष तिचा नव्हता. चित्राची तपासणी म्हणजे शवविच्छेदन, असे शिकवणाऱ्या पंडितांचा हल्ली सुकाळ आहे. चित्रात काय घडते आहे, हे त्यांना विचारून पाहा. सांगता येणार नाही. त्यांच्याच सल्ल्याने तिने संगणकावर एकूण एक दाणा पुसून काढला.

तात्यांनी मूळ आणि पुसलेला असे दोन्ही फोटो भिंतीच्या मापाचे छापून घेतले आणि सकाळी तिला घेऊन तालीम गाठली. पैलवानांनी हौद्यापलीकडच्या भिंतीवर दोन्ही शेजारी शेजारी धरले. जवळून पाहावे म्हणून शलाका चप्पल काढून निघाली, तसा तात्यांनी तिचा दंड धरला.

"पैलवानाशिवाय त्या मातीत कुणी पाऊल टाकत नाही. इथूनच बघ."

"इथून दाणे कसे दिसणार?"

"नाही दिसत?"

तिने डोळे बारीक करून पाहिले, पण दाणे दिसेनात.

इतक्यात काठी टेकत वस्ताद आले. स्वच्छ केलेल्या फोटोकडे पाहून म्हणाले, "हे कोन गं? अंगाला माती न्हाई, गालावर खुंट न्हाई. लग्नाला निघालंय जनू!" मग त्यांची नजर दुसऱ्या, दाण्यांच्या फोटोवर गेली.

"पडलो तवा हसत हुतो व्हय मी?"

तात्या शलाकाकडे वळले. "दाणे मलाही आवडत नाहीत, पोरी. कॅमेरा निवडताना ते जरूर पाहावेत. पण चित्र जिथून बघितले जाणार, तिथे उभे राहून ते पारखावे. हौद्यात उतरून कुणी दाणे मोजणार नाही. आणि तू पुसायला बसलीस तेव्हा यंत्राला दाणा कुठला आणि अंगावरची माती कुठली, हे कळले नाही. त्याला कळणारही नाही. ते तुला कळायला हवे होते."

"रंगीत ठिपके आहेत थोडे सावलीत," ती हळूच म्हणाली. "ते इथूनही खुपतात."

"ते काढ. मग हात आवर."

तिने पैलवानांना स्वच्छ फोटो उतरवायला सांगितला. ते दुसराही उतरवू लागले, तेव्हा वस्तादांनी काठी उचलून त्यांना थांबवले. आता तेही हौद्याच्या अलीकडचेच झाले होते. आणि तिथून स्वतःच्या पडण्याकडे ते मोठ्या कौतुकाने बघत होते.