दाराकडची जाळी

एका गावात एक बाई होती. तिने आयुष्यात एकदाच पूल नावाच्या बिलियर्ड्ससारख्या खेळाची काठी हातात धरली, महाबळेश्वरच्या एका हॉटेलात, आणि डोळे मिटून मारलेला चेंडू थेट जाळीत गेला. त्या एका चेंडूच्या जोरावर तिने गावात पूल टेबलांचं दुकान काढलं. ती बाई म्हणजे मी. तेव्हा गावात हा खेळ दोघांना ठाऊक होता. त्यातला एक माझा नवरा, आणि त्याने तो टीव्हीवर पाहिला होता.

दुकानाची फरशी मी स्वतः उभी राहून घालून घेतली. गवंडी म्हणाला, "ताई, इथं ढाळ कशाला?"

"मग धुतल्यावर पाणी कुठं जाणार? तुमच्या घरी?"

ढाळ नाही ती फरशीच नाही, हे मी आईकडून शिकलेले. गवंड्याने मुकाट्याने दाराच्या कोपऱ्याकडे ढाळ दिला. पाणी असं पळायचं की बघत राहावं.

मग टेबल आलं. त्याच्या पोटात दगडाची लादी असते, उचलायला सहा माणसं लागली. बसवायला दस्तगीरचाचा आले. तीस वर्षं त्यांचा हाच धंदा. त्यांनी टेबलावर सपाटी तपासायची पाणसळ ठेवली, मान हलवली आणि दाराकडच्या पायांखाली लाकडाच्या पाचरी सरकवल्या.

मी म्हटलं, "चाचा, नव्याकोऱ्या टेबलाला टेकू? लोक काय म्हणतील? काढा ते."

"काढतो. दुकान तुमचं आहे," चाचा म्हणाले आणि पाचरी खिशात घातल्या.

दिवाळीपर्यंत एक तरी टेबल विकेन, नाहीतर दुकानाला कुलूप लावेन, असं मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. दोन महिन्यांत फक्त काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा एक डबा गेला. तोही शिंप्याने नेला.

आणि एका सकाळी जयसिंगराव थोरवडे आले. मंगल कार्यालयाचे मालक. वरच्या मजल्यावर त्यांना क्लब काढायचा होता, चार टेबलं हवी होती. "बघू तरी," म्हणत त्यांनी काठी उचलली आणि मारली. चेंडू रेंगाळत रेंगाळत दाराकडच्या जाळीत पडला. दुसरा मारला, तोही पडला. तिसरा भलतीकडेच मारला होता. तो वळून आला आणि पडला.

"वहिनी, हात जन्मतःच असावा लागतो!" जयसिंगराव फुलले. "चारही टेबलं द्या. उद्घाटनाला आमच्या व्याह्यांनाच बोलावतो. पुण्यात रोज खेळतात म्हणे. सगळ्या गावासमोर बघतो त्यांना!"

चाचा कोपऱ्यात एका काठीचं टोक घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

माल चोख होता. त्यांच्याकडे टेबलं सरळच बसणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला लग्नात पाच मिनिटं जमलं होतं. पण जयसिंगरावांच्या तोंडावरचं ते हसू मी ओळखलं. महाबळेश्वरच्या आरशात मी तेच पाहिलं होतं. आता ते घेऊन हा माणूस भर मांडवात व्याह्यांसमोर उभा राहणार होता.

"जयसिंगराव," मी म्हटलं, "तो तुमचा हात नाही. ती माझी फरशी आहे."

मी एक चेंडू टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सोडून दिला. तो कुणीही न मारता निघाला आणि दाराकडच्या जाळीत जाऊन पडला.

चाचा उठले. त्याच पाचरी त्यांनी खिशातून काढल्या आणि पायांखाली सरकवल्या. जयसिंगरावांनी पुन्हा काठी घेतली. दहा चेंडू मारले. एकही पडला नाही. "येतो," म्हणाले आणि निघून गेले. दिवाळीला अकरा दिवस होते. मी कुलूप शोधून ठेवलं.

आठव्या दिवशी ते परत आले. सोबत एक टक्कल पडलेले हसरे गृहस्थ.

"मी यांचा व्याही," ते म्हणाले. "यांना खेळता येत नाही असं यांच्या तोंडावर सांगणारी बाई कोण, ते बघायला आलो. यांना खरं सांगायची आमची तीन वर्षांत हिंमत झाली नाही."

"हसा," जयसिंगराव म्हणाले. "वहिनी, चारही टेबलं पाठवा. त्यातलं एक उद्याच. उद्घाटनाआधी मला शिकायचंय."

त्या दिवाळीत कुलूप कपाटात राहिलं. आता शेजारच्या तीन तालुक्यांतून लोक येतात. टेबल बघण्याआधी वाकून पाचरी बघतात. मी मिरवते.

एवढं शहाणपण आल्यावर ते भिंतीवर नको का? एका पाटीवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि गल्ल्यामागे टांगलं:

तात्पर्य: गिऱ्हाइकाला तिरक्या जमिनीवर जिंकवू नका, खरं सांगून हरवलंत, तर ते शिकायला परत येतं.

"कशी वाटते, चाचा?" मी विचारलं.

चाचांनी पाटीवर पाणसळ ठेवली.

"दोन सूत खाली आहे," ते म्हणाले. "दाराकडे."