साळूने ओढ्यात सोडलेली पाने

बालमित्रांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाला एक साळू आपल्या पिल्लासोबत राहत असे. अंगभर लांब काटे असलेली साळू तुम्हाला ठाऊक आहे ना? आपली ही साळू भारीच बुजरी. कोणी समोर आले की लगेच पाठ फिरवायची आणि काटे फुलवायची. ना बोलणे, ना हसणे! पिल्लाचा बाप वणव्यात गेल्यापासून तर ती कोणाच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पिल्लाचे सगळे ती एकटीच करी आणि त्याला निजवताना गोष्टी सांगे. मग गळून पडलेल्या काट्याने ती त्या गोष्टी सागाच्या कोवळ्या पानांवर कोरून ठेवी. कोरले की पानावर लालचुटूक अक्षरे उमटत.

एकदा पिल्लू म्हणाले, "आई, एवढ्या छान गोष्टी, आणि त्या फक्त आपल्या दोघांनाच ठाऊक?" "कोणी हसलं तर रे?" साळू पुटपुटली. पण लेकराचा शब्द तिला मोडवेना. तिने डोळे मिटून एक पान ओढ्यात सोडले आणि धूम ठोकली ती थेट बिळात! कोणी हसले नाही, कोणी वाहवाही केली नाही. पान आपले वाहत गेले. मग ती रोज एक पान सोडू लागली. मात्र गोष्टीचे शेवटचे पान ती कधीच सोडत नसे. एवढे तरी आपल्या दोघांचे असू दे, असे तिला वाटे.

पुढे कडक उन्हाळा पडला. वरच्या अंगाला ओढा पार आटला आणि पिल्लाचा घसा कोरडा पडला. त्याला घेऊन साळू कोरड्या पात्रातून खाली खाली चालत निघाली. खाली एका डोहात थोडे पाणी उरले होते आणि काठावर सारे रान गोळा झाले होते. "कोण गं तू?" रानडुक्कर गुरगुरले. "पाणी थोडं आहे. इथे ओळखीच्यांनाच प्यायला मिळतं." सवयीप्रमाणे साळूने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि पिल्लाला पोटाशी धरले. आता आपले लेकरू तहानेने जाणार, या विचाराने तिला रडू कोसळले.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. पाळीची वाट पाहणाऱ्या सशाच्या पोरांना म्हातारी कासवीण गोष्ट सांगत होती. "आणि मग तो काजवा आपला हरवलेला उजेड शोधत रानोरान हिंडला..." साळूने कान टवकारले. ही तर तिचीच गोष्ट! ओढ्याने तिचे एकेक पान इथवर आणून पोचवले होते. "मग सापडला का उजेड?" सशाच्या पोरांनी विचारले. "कोण जाणे, बाळांनो! शेवटचं पान आलंच नाही. सगळं रान त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलंय."

"मला ठाऊक आहे!" पिल्लू ओरडले. "उजेड त्याच्या पाठीशीच होता! त्याला दिसत नव्हता, पण मागच्यांना दिसत होता. माझ्या आईनंच लिहिलंय ते!"

डोहाकाठचे सगळे वळून पाहू लागले. साळूने काटे मिटले आणि हळूच तोंड वळवले. बाई गं, केवढे ते डोळे! हरणाचे, मोराचे, मुंगसाचे, इवल्याशा बेडकाचेसुद्धा. सगळे जुन्या ओळखीने तिच्याकडे बघत होते. जिथे तिने कधी पाऊल टाकले नव्हते, तिथे तिचे इतके सोबती होते! रानडुक्कर ओशाळून बाजूला झाले. "या बाई, आधी लेकराला पाणी पाजा," ते म्हणाले. "आम्ही तर कधीपासून ओळखतो तुम्हाला." पिल्लू घटाघटा पाणी प्याले. साळू मात्र स्वतःची तहान विसरली आणि पहिल्यांदाच सगळ्यांकडे तोंड करून गोष्ट सांगायला बसली.

तात्पर्य : मनातले चांगले भीतभीत का होईना, जगाच्या हवाली करावे; त्याने जोडलेले सोबती आपल्याला दिसत नसले, तरी ते आपली वाट पाहत असतात.