वहाणा दारातच होत्या

एका संस्थानात सटवाजी नावाचा दवंडीवाला होता. तिथला रिवाज असा, की दवंडीवाल्याने एखाद्याच्या दारात उभं राहून 'पळाला' म्हटलं, की त्या माणसाचा शोध थांबायचा. भाऊबंदसुद्धा त्याचं नाव टाकायचे.

दुष्काळ पडला. जमिनीखालची सरकारी धान्याची पेवं भरलेली आहेत, असं दिवाण सांगत होते. पेवात उतरून धान्य काढणारा हरबा मात्र चावडीवर बोलून गेला, "पेवं रिकामी आहेत. धान्य दिवाणांनी विकलं." दुसऱ्या दिवशी हरबा नाहीसा झाला.

दिवाणांनी सटवाजीला बोलावलं. "हरबा अ‍ॅब्सकाँड झाला, अशी दवंडी दे."

"म्हणजे काय, सरकार?"

"पळून गेला. साहेबाचा शब्द आहे. लोक उलट विचारणार नाहीत."

सटवाजी हरबाच्या दारात गेला. हरबाची बायको ठकू उंबऱ्यात उभी होती. "सटवाजीभावजी, त्यांच्या वहाणा या बघा. पळणारा माणूस असल्या उन्हात अनवाणी पळतो होय? दवंडी देऊ नका. लोक शोधतील तरी."

सटवाजीने वहाणांकडे पाहिलं. मग डफावर थाप मारली.

शोधायला निघालेले लोक माघारी फिरले. सटवाजीला मात्र तो शब्द चैन पडू देईना. त्याने शाळेतल्या मास्तरांना गाठलं.

"आता त्याचा अर्थ पळून जाऊन दडणं," मास्तर म्हणाले. "पण तो आला लॅटिनमधून. तिथं मुळात अर्थ होता दडवणं, नजरेआड ठेवून देणं." मग त्यांनी खिडकी लावून घेतली. "मी तुला काही सांगितलेलं नाही हं."

सटवाजी गावाच्या कडेच्या पेवांपाशी गेला. एका पेवाचं तोंड ताज्या शेणामातीने लिंपलेलं होतं. रिकाम्या पेवाला कोण लिंपतं? त्याने कान लावला. आतून ठोका आला. मग पुन्हा एक, बारीकसा. सटवाजी उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि घरी गेला. उद्या सांगू, मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा कान लावला. आत काहीच वाजलं नाही.

तेव्हा तो चावडीवर धावला. "हरबा पळाला नाही! त्याला पेवात कोंडलंय!"

"कालच तर तू डफ बडवून सांगितलंस," एक जण हसला. "आज कुणाचं ऐकून आलास, बाबा?"

कुणी उठलं नाही. दिवाणांचे शिपाई तेवढे उठले.

पेवाच्या अंधारात सटवाजीला वरून नव्या दवंडीवाल्याचा डफ पुसट ऐकू आला. "सटवाजी अ‍ॅब्सकाँड झाला होऽऽ!" तो मुठींनी भिंत बडवू लागला. वर कुणाची तरी पावलं आली. थांबली. आणि घराकडे निघून गेली.

तात्पर्य: नाहीशा केलेल्या माणसाला जो 'पळाला' म्हणतो, तो दडवणाऱ्याचा भागीदार असतो, आणि दुसऱ्याच्या शोधाची जी वाट तो बंद करतो, ती त्याच्यासाठीही कुणी उघडत नाही.