खोलपेठेच्या फाटकाची कहाणी

ऐका जाणाईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला तट, तटाच्या आत खोलपेठ. खोलपेठेला फाटक होतं. आत मोठे सावकार आपला पैसा दूरदेशीच्या जहाजांवर लावीत. एखादं जहाज मोत्यांनी भरून येई, एखादं येतच नसे. म्हणून जुन्या राजानं नेम घातला होता. जहाज बुडालं तरी ज्याच्या घरची चूल विझत नाही, त्यानंच आत जावं. बाकीच्यांनी शिल्लक राजाच्या कोठीत ठेवावी, थोडकं व्याज घ्यावं, सुखानं झोपावं.

मग जुना राजा गेला, नवा राजा आला. मग सावकारांचा पैसा आटू लागला. मग ते राजाकडे गेले. म्हणाले, "महाराज, आम्ही साय खावी नि रयतेनं ताकाची निवळी प्यावी, हे बरं दिसत नाही. फाटक सगळ्यांना उघडा." राजा भोळा होता, थोडा आळशीही होता. म्हणाला, "उघडा. पण फाटकावर एक वाचणारा बसवा. त्यानं जोखीम वाचून दाखवावी. 'ऐकलं' असं जो आपल्या तोंडानं म्हणेल, त्यालाच आत घ्या."

सावकारांनी वाचणारा शोधला. एका श्वासात पान संपवील असा शोधला.

त्या नगरात रावजी नावाचा कोष्टी होता. त्याची बायको सारजा. रावजीच्या डोळ्यांवर पडदा येत होता. नदीपलीकडच्या वैद्यानं सांगितलं, "पौषाच्या आत या, पडदा काढतो. उशीर केलात तर माझा इलाज चालायचा नाही." सारजेनं सुताच्या कांड्या भरून भरून गाडग्यात पैसा साठवला होता. एका डोळ्यापुरता साठला होता.

शेजारची ठमाबाई नवी नथ घालून आली. "काय गं सारजे, एकाच डोळ्याचं करणार? दुसऱ्यानं काय नुसतं रडायचं? खोलपेठेत ठेव. पौषापर्यंत दुप्पट. ही नथ काय आभाळातून पडली?"

रावजी मागावरून म्हणाला, "मला एक पुरे आहे. तुझ्याकडे बघायला दोन कशाला?" सारजा हसली. पण तिचं मन दोनावर बसलं.

मग सारजा गाडगं घेऊन निघाली. शुभकार्य म्हणून पदराला अक्षता बांधल्या. वाटेत एक म्हातारी बसली होती. ती जाणाई होती, पण सारजेला कसं कळावं? म्हातारी म्हणाली, "पैसा परत कधी देतात, तेवढं विचार हो." सारजा म्हणाली, "विचारीन."

फाटकावर बायकांची रांग होती. वाचणारा वाचू लागला. जोखीम, मुद्दल, मुदत, सगळं एका सुरात पळत गेलं. सारजेला त्या सुराची सवय होती. दर श्रावणात ती अशीच हातात अक्षता धरून बसे, कहाणी कानांवरून जाई, अक्षता वाहिल्या की पुण्य पदरी पडे. तिनं अक्षता मुठीत धरल्या, डोळे मिटले. वाचणं संपलं तशा पानावर वाहिल्या. म्हणाली, "ऐकलं." विचारायचं ते ओठांपर्यंत आलं होतं. पण मागं रांग, पुढं वाचणाऱ्याचं पागोटं. तिला लाज वाटली. गाडगं आत गेलं.

येताना म्हातारीनं विचारलं, "काय वाचलं गं?"

"जोखीम वाचली."

"कशी होती?"

"चांगली होती, आजी. लहानशीच होती."

मग मार्गशीर्ष सरत आला. सारजा फाटकावर गेली. वाचणारा म्हणाला, "हे आत यायचं दार. बाहेरचं दार जहाज आल्यावर उघडतं." मग पुन्हा गेली. "जहाज वाटेत आहे." मग पुन्हा गेली. फाटकाला कुलूप होतं. सावकारांनी आपला पैसा मागच्या दारानं आश्विनातच काढून नेला होता.

मग सारजा राजाकडे गेली. राजानं विचारलं, "वाचून दाखवलं होतं?"

"दाखवलं, महाराज."

"ऐकलं म्हणालीस?"

"म्हटलं."

"मग माझा नेम मोडला नाही." राजा खरं बोलत होता. नेम मोडला नव्हता.

पौष संपला. एके दुपारी रावजी मागावरून म्हणाला, "सारजे, दिवा लाव गं. आज लवकरच अंधारलं." सारजेनं भरदुपारी दिवा लावला. त्याच्या हाताला ऊब लागेल असा जवळ ठेवला. तो म्हणाला, "आता बरं." बरं काही झालं नव्हतं.

मग सारजा म्हातारीकडे गेली. "आजी, मला वसा सांग. माझ्या धन्याची नजर परत येऊ दे."

जाणाई म्हणाली, "नजर परत येणार नाही. खोटं कशाला सांगू? हा वसा मागून येणारीसाठी आहे. फाटकाशी बस. मुठीत अक्षता घेऊ नकोस, हात मोकळा ठेव. वाचणारा वाचू लागला की हात वर कर. विचार, पैसा कुठं जातो? मागितला तर कधी मिळतो? बुडाला तर कुणाची चूल विझते? लाजू नकोस, भिऊ नकोस, घेतला वसा टाकू नकोस."

मग फाटक पुन्हा उघडलं. जहाजं नवी, वाचणारा तोच. सारजेनं पहिल्यांदा हात वर केला, आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा केला, रांग हसली. "आंधळ्याची बायको आम्हांला वाट दाखवते." तिसऱ्यांदा केला नि म्हणाली, "थांबा. बाहेरचं दार कधी उघडतं?"

वाचणारा थांबला. त्याला थांबायची सवय नव्हती. त्यानं पान उलटलं, पुन्हा पालटलं. म्हणाला, "सांगता येत नाही." तेव्हा रांगेतल्या एका पोरसवदा सुनेनं काढलेल्या पाटल्या परत हातात घातल्या नि ती घरी गेली. ती एकटीच गेली. बाकीच्या "ऐकलं" म्हणाल्या, आत पैसा ठेवून आल्या.

राजानं नेम बदलला नाही. रावजीला दिसलं नाही. संध्याकाळी त्यानं विचारलं, "आज कुणी परतलं का गं?"

"एक परतली."

"एक पुरे आहे," रावजी म्हणाला, नि मागावरचा धोटा हातानं चाचपू लागला.

जाणाईनं त्या सुनेला जसं मागं फिरवलं, तसं तुम्हां आम्हां फिरवो. सारजेवर आली ती वेळ कुणावर न येवो. ही साठा उत्तरांची नव्हे, तीन प्रश्नांची कहाणी. संपूर्ण झाली, सुफळ करणं तुमच्या हाती. आता अक्षता वाहण्याआधी, बायांनो, काय ऐकलंत ते एकदा मला सांगा.